जनरल जुमेलची दुर्बीण

(पलासियातला फ्लॅट. रविवारची दुपार. टेबलावर शिंपल्याचं काम केलेली, दांडीवाली छोटी दुर्बीण आणि प्रदर्शनासाठी छापलेलं कार्ड. अप्पासाहेब, त्यांची बायको शशिकला आणि नात संहिता.)

संहिता : सच्ची सांगते अप्पा, जुमेल नावाचा कोणी माणूसच नव्हता!

अप्पासाहेब : काहीतरीच. कोरलंय ना त्यावर, जुमेल. फ्रेंच जनरल होते. आपले मूळपुरुष विष्णूराव रिसालदार, त्यांना महिदपूरच्या लढाईत दिली. पाच पिढ्या सांगतोय आपण.

संहिता : फ्रेंचमध्ये जुमेल मतलब जुळी. दोन नळ्या असतात म्हणून दुर्बिणीला पण तेच म्हणतात. क्लासमध्ये शिकवलं आम्हाला.

शशिकला : म्हणजे दुर्बिणीवर ‘दुर्बीण’ लिहिलंय? अगं बाई! तांब्यावर कोणी ‘तांब्या’ कोरलं असतं, तर यांनी तांब्येसाहेबही काढले असते.

अप्पासाहेब : शशी, थट्टा पुरे.

संहिता : आणि ही लढाईची नाहीच, नाटकाची आहे. जेमतेम तीनपट मोठं दिसतं. युरोपात लोक थिएटरात वर बाल्कनीत बसायचे, तिथून स्टेज बघायला ही. दांडी कशाला, तर बायकांचे हात भरून येऊ नयेत म्हणून. आधे लोग तर नाटक सोडून समोरच्या बाल्कनीतच बघत बसायचे.

शशिकला : आणि ही घेऊन आमचे रिसालदार घोड्यावर! शत्रू काय हळदीकुंकवाला येणार होता?

अप्पासाहेब : त्या काळच्या वस्तू नाजूकच असायच्या.

संहिता : पण अप्पा, महिदपूरची लढाई अठराशे सतराची ना? अशी दोन नळ्यांची नाटकाची दुर्बीण त्याच्या पाच-सहा वर्षांनंतर व्हिएन्नात बनायला लागली.

शशिकला : तुमचे पणजोबा बाळकृष्णराव दरबारच्या लवाजम्यात विलायतेला गेले होते. त्यांनीच आणली असणार. नाटकं बघत होते तिकडे!

अप्पासाहेब : आमच्या घराण्यात नाटकाचं नावसुद्धा कोणी घेतलेलं नाही.

शशिकला : मी घेतलं होतं. लग्नाला वर्ष झालं होतं. मल्हारगंजात गणपतीचं नाटक बसत होतं, माझी मैत्रीण मंगला मला त्यात काम करायला बोलवायला आली. तुम्ही हीच दुर्बीण कपाटातून काढून तिच्यापुढे ठेवलीत. म्हणालात, आम्ही रणात शत्रू न्याहाळणारी माणसं, आमच्या सुना तोंडाला रंग फासत नाहीत. मंगला चहासुद्धा न पिता गेली.

अप्पासाहेब : पंचेचाळीस वर्षं झाली त्याला.

शशिकला : शेहेचाळीस. आणि दर दसऱ्याला मी हिला तलवारीशेजारी मांडून झेंडू वाहिलाय. शस्त्र म्हणून! हसू का रडू, तुम्हीच सांगा.

संहिता : आजी, जाने दो ना...

शशिकला : का जाऊ देऊ? माझी हौस मारली यांनी, आणि तीही कोणासाठी? जो माणूस जन्मालाच आला नाही त्याच्यासाठी.

अप्पासाहेब : उद्या प्रदर्शनाच्या सभेत हिच्यावर बोलायचंय मला. कार्ड छापून झालंय. लोकांना काय सांगू?

शशिकला : सांगा, पूर्वज शौकीन होते, आम्हीच मठ्ठ निघालो.

अप्पासाहेब : ...संहिता, ते कार्ड फाड. दुसरं कर. ‘नाटकाची दुर्बीण’ एवढंच लिही.

संहिता : आणि जनरलसाहेब?

अप्पासाहेब : खोड त्यांना. शशी... त्या नाटकात तुझं काम काय होतं?

शशिकला : दासीचं. दोन वाक्यं.

अप्पासाहेब : म्हणून दाखव ना.

शशिकला : आता विचारताय होय? गेल्या दिवाळीपर्यंत पाठ होती हो.