नामेनचं बंबघर

मोमे: एवढंच मागतोय, आत्या. आज संध्याकाळी सभेत तू गप्प बसायचं.

गोंडेल: आणि त्यासाठी केक. तुझ्या बायकोनं केलेला नाही, कडा सरळ आहेत.

मोमे: बेकरीतला आहे. मी सरपंच झाल्यापासून अंदाजपत्रकाच्या प्रत्येक सभेत लोकांच्या प्रश्नांची वेळ तू एकटी खाऊन टाकतेस. मागच्या वेळी पाद्रीबाई उठून गेल्या.

गोंडेल: त्यांना थंडी वाजत होती. हा कोबीचा पाला घे, देठ काढ. माझ्या स्वयंपाकघरात रिकाम्या हातानं कुणी बसत नाही, सरपंचसुद्धा नाही. आता सांग, काय दडवतोयस?

मोमे: दडवत नाही. जुनी शाळा बंद करायची आहे. तिथली माणसं जिल्ह्याच्या मोठ्या छावणीत जातील.

गोंडेल: दोन्ही कुटुंबं? आणि ती चार तरणी पोरं?

मोमे: सगळी. त्यांच्या आश्रयाच्या अर्जांचा निकाल लागायचा तेव्हा लागेल, तोवर तिथं राहतील. शाळा गरम ठेवणारा बॉयलर कायमचा गेलाय. त्यांच्यासाठी राज्याकडून यायचे ते पैसे आता पूर्वीसारखे येत नाहीत.

गोंडेल: मग जातात कुठं?

मोमे: सरहद्दीवर. तपासणीचे तंबू, पोलिसांच्या जादा पाळ्या. वरच्यांनी ठरवलंय, आधी सरहद्द, मग बाकीचं.

गोंडेल: बघितला तो तंबू. डेन्मार्कात बहिणीकडं गेले होते, येताना तिथल्या पोरानं माझी बरणी उघडायला लावली. म्हटलं, बाळा, खारवलेले मासे आहेत, त्यांच्याकडं पासपोर्ट नसतो.

मोमे: थट्टा सोड. वरचं मला बदलता येत नाही. माझ्या हातात गावाची थैली आहे आणि ती फाटकी आहे. बालवाडीचं छप्पर गळतंय. लोक विचारतात, परक्यांना नवा बॉयलर आणि आमच्या पोरांच्या डोक्याशी बादली?

गोंडेल: लोक म्हणजे पंचायतीतला डेटलेफ.

मोमे: डेटलेफ, आणि आणखीही आहेत. चुकीचं विचारत नाहीत ते.

गोंडेल: नाहीच. छप्पर आधी कर. पण छप्पर करून उरतात ते पैसे कुठं घालतोयस? तू असा जमिनीकडं बघायला लागलास की तुझा बाप आठवतो.

मोमे: नवं बंबघर बांधायचं. नवा बंब जुन्या दारातून आत जात नाही, उघड्यावर भिजतो. आणि नव्या बंबघराच्या दारावर नामेनकाकांचं नाव लावायचं. पितळी अक्षरांत. सगळे तयार आहेत.

गोंडेल: पितळी.

मोमे: हो.

गोंडेल: अक्षरं केवढी?

मोमे: रस्त्यावरून वाचता येतील एवढी.

गोंडेल: माझ्या नवऱ्यानं उभा जन्म अग्निशमन दलात घातला. ख्रिसमसच्या ताटावरून उठून गेलाय. त्या मोठ्या वादळात समुद्राच्या बांधाजवळची घरं रिकामी केली ती त्यानंच. आणि गेला तेव्हा तुम्ही एक सुकलेलं पुष्पचक्र आणलंत, जसं काही दुसऱ्याच्या मयतीतून उरलं होतं.

मोमे: म्हणून तर, आत्या.

गोंडेल: म्हणून तर मी तोंड शिवून बसायचं.

मोमे: शाळा बंद करणं आणि बंबघर, दोन्ही एकाच ठरावात आहे. मी काय करू?

गोंडेल: थांब, दारात कोण आहे? ये रे, हाबतोम. पाय पूस. हा आमचा मोमे, सरपंच, ओळखतोसच.

हाबतोम: मोइन, आजी. मोइन, साहेब. पातेलं आणलं. घासलंय.

गोंडेल: अंगाला काजळीचा वास मारतोय तुझ्या. सकाळचा भोंगा तुमच्यासाठीच होता ना?

हाबतोम: हो. ऑर्गनवाल्या बाईंचं धुराडं पेटलं होतं. आत काजळी फार. छपराला लागू दिलं नाही. बाई रडत होत्या, मग त्यांनी आम्हाला सूप दिलं.

गोंडेल: दलातले कोण कोण होते?

हाबतोम: आम्ही शाळेतले चौघं. श्योंके. आणि दूधवाल्यांची केया, तिनं बंब चालवला.

मोमे: बाकीचे?

हाबतोम: कामावर, साहेब. शहरात. दिवसा कोणी नसतं. संध्याकाळी फोन करतात, विचारतात, काय झालं होतं.

गोंडेल: ऐकलंस, मोमे?

मोमे: ऐकलं.

गोंडेल: चार पोरं छावणीत पाठव. मग दिवसा तुझ्या नव्या बंबघरातून बाहेर पडायला श्योंके आणि केया. श्योंके नळी धरेल, केया बंब चालवेल, शिडीवर बहुतेक नामेनची पाटी चढेल.

मोमे: नवीन माणसं भरती करू.

गोंडेल: किती वर्षं करतोयस? माणसं पुरेनात तर सरपंचानं सक्तीनं नेमायची, कायदाच आहे तसा. नामेन नेहमी त्याची भीती घालायचा. नेम मग. पहिला तू, दुखऱ्या गुडघ्यांसकट. दुसरा डेटलेफ, त्याला पलंगावर चढताना दम लागतो. तिसरा माझा जावई, तो स्टुलावर उभा राहिला तरी त्याला घेरी येते.

मोमे: हे कुणी मांडलंच नाही, आत्या. शाळेचा खर्च एका पानावर, बंबाचा दुसऱ्या.

हाबतोम: छावणीत कोण जाणार?

मोमे: तुम्ही सगळे, हाबतोम. अजून ठरलेलं नाही. आज सभा आहे.

हाबतोम: मी होतो तिथं, आधी. तिथंही भोंगा वाजायचा. सगळे बाहेर येऊन उभे राहायचे, यादीत नाव बघायचे, परत आत. इथं भोंगा वाजला की मी पळतो. मला ते बरं वाटतं.

गोंडेल: बस. केक खा. मोमे, तू पाला खाली ठेव आणि मला नीट सांग. बंबघर बांधलं नाही, तर त्या पैशांत छप्पर आणि बॉयलर दोन्ही होतात?

मोमे: होतात. ओढूनताणून. पण बंब?

गोंडेल: त्याला ताडपत्री घाल. लोखंड आहे ते, सर्दी होणार नाही.

मोमे: आत्या, त्यांनी बंबघराला हात वर केले ते काकांच्या नावासाठी. मी आडवं बोललो तर मेलेल्या माणसाचा मान काढला असं होईल.

गोंडेल: तू बोललास तर. त्याची बायको बोलली तर?

मोमे: मग कुणाला तोंड राहणार नाही. डेटलेफलासुद्धा नाही. पण हे पुन्हा येणार नाही, आत्या. पुढच्या वर्षी पैसे असतील की नाही, मला माहीत नाही.

गोंडेल: मला कळतं ते. ती अक्षरं बघायला मी असेन की नाही हेही कळतं. रोज दूध आणायला जुन्या बंबघराच्या दारावरून जाते मी. मनातल्या मनात कितीदा लावली असतील.

मोमे: मग?

गोंडेल: मग काय? नामेन असता तर पाटी बघून म्हणाला असता, एवढ्या पितळात दोन नळ्या आल्या असत्या. तू शाळा आणि बंब एकाच पानावर मांड. बाकीचं मी बघते.

मोमे: डेटलेफ ओरडेल.

गोंडेल: ओरडू दे. माझ्यापुढं त्याचा आवाज लहानपणापासून बसतो.

हाबतोम: आजी, मी सभेला येऊ शकतो? मला फार बोलता येणार नाही.

गोंडेल: बोलायला मी आहे. तू दलाचं जाकीट घालून ये. आणि दाराशी उभा राहू नकोस, माझ्या शेजारी येऊन बस.