उद्यापनाच्या पत्राचा जाड टाइप

हसू नका, पण माझं उद्यापन एका टाइपानं बुडवलं हो.

हे विषमज्वरातून उठावेत म्हणून मी सोळा सोमवार धरले, आणि महादेवानं ह्यांना उठवलंही. उद्यापनाला बाहेरगावची सोळा मेहुणं जेवायला बोलवायची, म्हणून पंचवटीतल्या छापखान्यात पत्रं छापायला गेले.

छापखान्याचे काका म्हणाले, "ताई, मंगलकार्याला बारीक टाइप बरा."

"म्हाताऱ्यांना दिसत नाही तो. हा जाड काळा घ्या. ह्यांचं नाव वर, सगळ्यांत मोठं."

"तो आम्ही दुसऱ्या कामाला ठेवतो."

कोणत्या कामाला, ते शुभ पत्राच्या वेळी त्यांच्या तोंडून निघेना, आणि मीही विचारलं नाही. पत्रं तिथूनच परस्पर टपालात गेली, कुंकवाचं बोटही न लागता.

सोमवारी सोळा जोड्यांची पानं मांडून दुपार उलटेपर्यंत दाराकडे बघत बसले. आल्या त्या एकट्या देवळ्याच्या वन्सं, रडत, हातात पिठलं-भाकरीचं गाठोडं. सुतकाच्या घरी चूल पेटत नाही ना.

"वहिनी, दादा कधी गेला गं?"

आतून हे म्हणाले, "यमे, आधी जेवून घे."

तो टाइप मेल्याच्या पत्रांचा होता. बाकीच्यांनी वरचं नाव पाहूनच पत्र दारात फाडलं आणि अंघोळी केल्या.

गुरुजी म्हणाले, सोमवार पुन्हा धरा. धरले, सोळा झाले, परवा उद्यापन. आता पत्र नाही, तोंडानंच सांगत फिरते आहे: जोडीनं या, हे घरीच आहेत.