गेज न लावलेली सहा खोकी

माहेर माझं शिनोलीचं, दिलं डिंगोऱ्याला, नाव सुमन. शाळा धाव्वीपत्तुर, अन धाव्वी नापास, ते बी लिहा भाऊ, त्याची मला लाज न्हाई. ज्याची लाज हाय ते पुढं येईल. आमच्या ह्यांची जमीन थोडी अन बैलांचा नाद मोठा, शर्यतीच्या घाटात गाडं पळवायचं म्हणलं की मग ह्यांना तहान-भूक न्हाई, मग घर कुणी चालवायचं? म्हणून मी रस्त्याकडंच्या कारखान्यात लागले.

कारखाना म्हंजे तरी काय, पत्र्याची शेड, दहा लेथ मशीन, चाळीस माणसं. फवारणीच्या पंपाचा पितळी व्हॉल्व बनायचा तिथं, अंगठ्याएवढा, मधी भोक. माझं काम तपासणीचं. गेज म्हणून एक लोखंडी खुंटी असती, तिचं एक टोक त्या भोकात गेलं पाहिजे अन दुसरं जाता कामा नये. दुसरं बी गेलं की माल बाद, टाक लाल खोक्यात. चांगल्या मालाच्या खोक्यावर माझा शिक्का. दिवसभर तेच, बोटं काळी व्हायची, पण शिक्का मारताना लई बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

मालक आमचे अण्णा, ते बी आधी दुसऱ्याच्या लेथवर उभं राहिलेले. लोक त्यांना विचारायचे, अण्णा, बाकीच्यांची शटरं पडली, तुमचाच कसा चालतो? अण्णा म्हणायचे, काय न्हाई राव, आमचा गेलेला माल परत येत न्हाई, एवढंच. परत आलेला माल दोनदा बनवा, दोनदा गाडीत घाला, वर शिव्या खा, त्यात कुणाचं भलं झालंय? अन दुसरं म्हंजे यात्रा. आमच्याकडं चैत्र लागला की आज ह्या गावची यात्रा, उद्या त्या गावची, अन माणसाला आपली, सासरवाडीची, मामाची, समद्या करायच्या असत्यात, कामावर कोण येतंय? म्हणून अण्णा पौषापासून जादा माल बनवून ठेवायचे. मशीन बंद, पण गाडी टायमाला जायची.

पुढं अण्णा आजारी पडले, पोरगा आला, प्रशांत. पुण्याला शिकलेला, पोरगं वाईट न्हाई बरं का. त्यो म्हणला, माल पडून राहिला म्हंजे पैसा पडून राहिला, जेवढं लागंल तेवढंच बनवायचं. असंल बाबा, पुण्यात खरं असंल, पण पुण्यात गाड्याचा घाट हाय का? मी त्याला म्हणलं, दादा, चैत्रात कुत्रं फिरकायचं न्हाई हिकडं. तर हसला, म्हणतो, सुमनताई, सुट्टी नाही म्हणून नोटीस लावलीय ना. नोटीस! आमच्यात यात्रंच्या तारखंला लग्नाची पत्रिका कुणी छापत न्हाई, अन ह्यो नोटीस लावतोय.

झालं तसंच. पंपाच्या मोठ्या कंपनीची आर्डर, अन निम्मी मशीनं रिकामी. जुन्नरचे यासीनभाई म्हणून लेथवरचे जुने टर्नर, ते एकटे तीन मशीनं बघत व्हते, भाकर बी उभ्यानं खायचे. मला म्हणले, ताई, टूल झिजलंय, बदलायला येळ देईनात, भोक मोठं पडतंय, तू नीट बघून घे. त्यांनी आपणहून सांगितलं भाऊ, हे ध्यानात ठेवा.

अन त्या दिवशी आमच्या गावची यात्रा. घरी पावण्यांची रीघ, नणंदा आलेल्या, पुरण शिजायचंय, ह्यांचे फोनवर फोन, बाई हायस का कोण, पावणं दारात अन तू कुठं? हिकडं शेडच्या दारात मालाची गाडी उभी, सहा खोकी तपासायची राहिलेली. मी गेज हातात घेतलं, खाली ठेवलं, अन साही खोक्यांवर शिक्का मारून पळाले. पुरणपोळ्या केल्या, दुसऱ्या दिशी मटान केलं, पावणं खूश. खरं सांगते, त्या दोन दिवसांत मला त्या खोक्यांची आठवण बी झाली न्हाई.

महिन्यानं माल परत. पंप गळत्यात, औषध माणसांच्या पाठीवरनं वघळतंय, एका गड्याची पाठ सोलून निघाली म्हणे. अण्णा काठी टेकत शेडात आले. समद्यांसमोर मला इचारलं, सुमन, गेज लावलं व्हतंस का? अन काय सांगू तुम्हाला, माझ्या तोंडातनं निघालं, लावलं व्हतं अण्णा, बाद माल मी लाल खोक्यात टाकला व्हता, मागनं कुणी परत भरला असंल तर मला ठाव न्हाई. आता खोक्यांना खिळं ठोकून गाडीत चढवलेली यासीनभाईंनी, दुसरं माणूसच नव्हतं. समद्यांची मान त्यांच्याकडं वळली. त्यांनी माझ्याकडं बघितलं, अन हातातलं फडकं घडी करून मशीनवर ठेवलं. प्रशांत त्यांना म्हणला, उद्यापासून येऊ नका.

कंपनीनं आर्डर तोडली, दिवाळीला शेडला कुलूप. लोक म्हणत्यात पोरानं कारखाना घालवला, मी बी मान हालवते. आता कदाचित माझ्या सहा खोक्यांवाचून बी तो बुडाला असता, कुणी सांगावं. पण यासीनभाईंचं नाव गेलं नसतं. बाद माल भरणारा माणूस म्हणून कुठल्याच वर्कशापात त्यांना लेथ मिळाली न्हाई. आता दारात बसून गॅसच्या शेगड्या, मिक्सर नीट करत्यात. मी टोमॅटो निवडायला जाते. बाजारात गाठ पडली की तेच इचारत्यात, कशी हायस ताई, पोरं बरी हायती का? मी म्हणते, बरं हाय, अन तिथनं सटकते. त्यांच्या गल्लीपत्तुर तीनदा जाऊन माघारी आले, पाय उचलत न्हाई.

तुमी म्हणला, नावं बदलून लिहितो. बदलू नका, माझं बी न्हाई अन त्यांचं बी न्हाई. छापलं की एक कागद मला द्या, मी त्यांच्या उंबऱ्यावर ठेवून येते. देव त्यांना सुखात ठेवो, माझं काय व्हायचं ते व्हईल. फक्त गेज लावलं नव्हतं, एवढं जरा मोठ्या अक्षरात घाला भाऊ, त्यांना आता बारीक दिसत न्हाई.