मृत्युपत्राच्या कापलेल्या कडेबाबत

दिनांक २१ नोव्हेंबर २०२३, मंगळवार, सकाळी ११ वाजून ५ मिनिटे. जबाब देणाऱ्याचे नाव वरच्या छापील रकान्यात भरले आहे. वय २४ वर्षे, शिक्षण आठवी, धंदा पुस्तकबांधणी, राहणार बांधणीच्या दुकानाचा पोटमाळा.

मी समक्ष हजर राहून सांगतो, की माझे अक्षर वाचता येण्यासारखे असल्याने साहेबांनी हा जबाब मला स्वतःच्या हाताने लिहायला दिला आहे. खाडाखोड दोन ठिकाणी आहे. दोन्ही ठिकाणी मी सही केली आहे.

दिनांक ७ नोव्हेंबर रोजी सकाळी १० वाजून ४० मिनिटांनी मी मशीनवर शाळेच्या हजेरीपटांच्या कडा कापत होतो. तेव्हा दुकानाचे मालक, ज्यांना आम्ही दादा म्हणतो, वय ७४, हे एक पाकीट घेऊन आले. त्यात सात पाने होती. आदल्या संध्याकाळी वकीलबाईंकडे केलेले मृत्युपत्र आहे, असे त्यांनी सांगितले. पानांना कोपऱ्यात पिन मारलेली होती. दादा म्हणाले, "बघ, आयुष्यभर लोकांची पुस्तकं शिवली आणि माझ्या शेवटच्या कागदाला पिन! नीट बांधून दे. निळं कापड लाव."

मी लगेच करतो म्हणालो. त्यावर ते म्हणाले, "लगेच कसं? नंबर लाव. गिऱ्हाइकाचं काम आहे, पावती फाड." मी पैसे नको म्हणालो. "मालकाला फुकट बांधून द्यायला लागलास तर दुकान बुडवशील," असे म्हणून त्यांनी साठ रुपये आगाऊ दिले. मी पावती फाडली.

आमच्या दुकानात दोन नियम आहेत. गिऱ्हाइकाचा मजकूर वाचायचा नाही, फक्त पानांचे आकडे लावायचे. आणि तिन्ही बाजूंनी कडा कापल्याशिवाय काम बाहेर द्यायचे नाही. दोन्ही नियम दादांचे आहेत. मी आठ वर्षांत एकदाही मोडले नाहीत.

मी पाने शिवली, रात्रभर दाबाखाली ठेवली आणि ८ तारखेला दुपारी सव्वातीनला कापली. वर-खाली कोरा कागद लावूनच पाने पात्याखाली घेतात, म्हणजे डाग पडत नाहीत. त्यामुळे शेवटच्या पानाच्या अगदी तळाला दोन साक्षीदारांच्या सह्या आहेत हे मला दिसले नाही. साक्षीदार म्हणजे समोरचे चष्मेवाले आणि त्यांच्या शेजारचे औषधवाले. टंकलेखकाने जागा कमी सोडली होती. चष्मेवाल्यांनी चष्मा घरी विसरल्यामुळे सही रेघेच्या बरीच खाली केली, आणि त्यांचे पाहून औषधवाल्यांनीही. मी तळाची अर्धा इंच कड कापली. दोन्ही सह्या त्यात गेल्या. दादांची सही वर होती, ती राहिली.

त्यानंतर मी कव्हर चढवले. काम चांगले झाले होते.

दिनांक ९ रोजी सकाळी सात वाजता दादा बूट घालताना खुर्चीवरच वारले. डावा बूट घातलेला होता. त्यांची बहीण, जिला मी आत्या म्हणतो, वय ६९, हिने मला हाक मारली. दुसरा बूट मी आत नेऊन ठेवला.

दिनांक ११, शनिवार. दर शनिवारी कात्रणाची पोती रद्दीवाल्याला देतात, म्हणून मी सहा पोती दिली.

बांधलेले मृत्युपत्र दुकानातच होते, ते मी वकीलबाईंकडे नेऊन दिले. दिनांक १६ रोजी त्यांनी ते घरच्यांसमोर उघडले. दुकान आणि घर मुलाचे, पण मागच्या दोन खोल्यांत आत्या हयात असेपर्यंत राहतील, त्यांना कोणी हलवू नये, असे त्यात लिहिले आहे. कापायचे मशीन मला ठेवले आहे, 'पात्याला धार लावून आणील या अटीवर'. हे मला तेव्हाच कळले. माझा यात लाभ आहे, तो तपासात धरला जावा म्हणून स्वतःहून सांगतो. मग वकीलबाईंनी शेवटचे पान उलटले आणि विचारले, "साक्षीदार कुठे गेले?"

साक्षीदारांच्या सह्यांशिवाय कागद टिकणार नाही, असे त्या म्हणाल्या. मुलगा परगावी नोकरीला आहे. तो म्हणाला, "मी काही केलेलं नाही. पण कागदच नसेल तर जागा विकावी लागेल, माझ्यावर कर्ज आहे." मुलाने मला पैसे चारून सह्या कापवल्या, असे गल्लीत बोलले गेले. दुसऱ्या दिवशी आत्यांनी माझ्याविरुद्ध तक्रार दिली. ती रास्त आहे. कड मीच कापली आहे.

त्याच दिवशी मी रद्दीवाल्याच्या गोदामात गेलो. पोती अजून तशीच होती. ती परत विकत घेतली आणि हातगाडीने दुकानात आणली. कात्रणे जमिनीवर पसरून एकेक पट्टी पाहायला बसलो.

दुपारी एक वाजता आत्या डबा घेऊन दारात उभ्या राहिल्या. मी म्हणालो, "आत्या, तुम्ही माझ्यावर तक्रार केली आहे." त्या म्हणाल्या, "तक्रार तक्रारीच्या जागी. जेवलास का?" मी नाही म्हणालो. त्यांनी डबा उघडून दिला. मी जेवत असताना त्या जमिनीवर बसल्या आणि पट्ट्या चाळू लागल्या. मी म्हणालो, "तुम्हाला दिसत नाही." "दिसत नाही, पण शाई काळी की रंगीत एवढं कळतं. तू गिळ."

२० तारखेपर्यंत चारही दिवस त्या दुपारी येत होत्या. आमच्यात विशेष बोलणे झाले नाही. एकदा त्यांनी विचारले, "माझं नाव होतं त्यात, तरी वाचलं नाहीस?" मी दादांचा नियम सांगितला. त्या म्हणाल्या, "गाढव आहेस. तोही होता."

दिनांक २० रोजी दुपारी ४ वाजून १५ मिनिटांनी पाचव्या पोत्यात सात पट्ट्यांचा चिकटलेला गठ्ठा निघाला. आत्या म्हणाल्या, "हिरवी शाई! औषधवाला मेला हिरव्यानेच सही करतो." पट्टी आत्यांना सापडली, मला नाही, हे नोंदवले जावे. त्यानंतर त्या बराच वेळ पदराने चष्मा पुसत होत्या.

आमच्या पात्याला डाव्या टोकापासून तीन इंचांवर एक खाच आहे. ती प्रत्येक कापावर बारीक रेघ उठवते. दादा महिनाभर धार लाव म्हणत होते, मी आज-उद्या करत राहिलो. ती रेघ मृत्युपत्राच्या कडेवर आहे आणि पट्टीवरही त्याच जागी आहे. दोन्ही एकमेकांना लावून पाहावे. तपास पुरा होईपर्यंत मी पात्याला धार लावणार नाही. दोन्ही साक्षीदार हयात आहेत आणि सह्या ओळखायला तयार आहेत. मुलाला मी फोनवर कळवले. तो म्हणाला, "जुळत असेल तर मी आड येणार नाही. आत्याला सांग, खोल्या तिच्याच." मी निरोप सांगितला. त्या म्हणाल्या, "लेखी आण."

हा जबाब हवालदारांनी मोठ्याने वाचला. बाकावर बसून आत्यांनीही ऐकला. मी लिहिले तसेच वाचले गेले, त्यात कोणाच्या दबावाने काही घातलेले किंवा गाळलेले नाही. खर्च लिहिलास का, असे आत्यांनी विचारल्यावरून तो जोडतो.

सहा पोती परत घेतली, रुपये ५४०. हातगाडी, ८०. पट्टी ठेवायला पाकीट, १०. एकूण ६३०. पैकी पोती विकून आलेले ३१० गल्ल्यातून, बाकी ३२० माझे. ते मला कोणाकडूनही नकोत.

येणे: बांधणी, निळे कापड, पाने सात, दर १२०, आगाऊ ६०, बाकी ६०. गिऱ्हाईक, दादा. काम वेळेत तयार होते. पावतीवर 'माल मिळाला' या रकान्यात सही नाही.