ढब्बूचं अंथरूण

...आणि वर ती दुकानातली बाई मला विचारते, मला! "आजोबा, पिंजऱ्यात खाली काय घालतात, काही कल्पना आहे का तुम्हाला?" अहो, सुतार आहे मी! चाळीस वर्षं लाकडात काढली मी! आणि ह्या मला पिशव्या काढून दाखवतायत... ही कागदाच्या गोळ्यांची, ही कागदाच्या कापसाची, ही मक्याच्या कणसाच्या चुऱ्याची, आणि ही, तुम्हाला सांगतो, ही चक्क लाकडाच्या सालपटांची! म्हणजे रंध्याखाली जो कचरा पडतो, जो मी रोज पोत्यानं बाहेर टाकतो, तो पिशवीत भरून, वर हसऱ्या उंदराचं चित्र छापून विकायला! मी म्हटलं, बाई, तुम्ही माझ्याकडे या, टेम्पो भरून देतो.

आता उंदीर म्हटलेलं नातीला चालत नाही हां. गिनीपिग म्हणायचं. नाव ढब्बू. आठ वर्षांची आमची नात, मुलीची मुलगी, दोघी माझ्याकडेच असतात. मुलगी सकाळी कामाला जाते ती दिवेलागणीला येते. आणि आमची ही गेल्यापासून, तीन वर्षं झाली आता, दम्यानं गेली, तेव्हापासून पोर शाळेतून येते ती रिकाम्या घरात. मी असतो की! पण मी पुढं कारखान्यात. घर कसं आहे आमचं, पुढं कारखाना, मागं बिऱ्हाड, मध्ये एक जाड पडदा. मुलगी म्हणाली, "बाबा, तिला कोणीतरी सोबत पाहिजे." मी म्हटलं, मी काय मेलोय? ती म्हणाली, "तुम्ही करवत चालू केली की तुम्हाला ढोल वाजवला तरी ऐकू येत नाही." म्हणून आला ढब्बू. वीतभर जनावर, सगळं पोटच. पण फ्रीजचं दार उघडलं रे उघडलं की अशी शिट्टी मारायचा, अशी शिट्टी, की मी करवत चालू असताना ऐकलीय!

बरं, पहिल्या दिवशी खाली घातलं वर्तमानपत्र. तर नात म्हणते, "आजोबा, त्याचे पाय घसरतायत." घसरतायत तर घसरतायत, त्याला काय शर्यतीत पळायचंय? पण नाही. रडायचा सूर लागला. म्हणून तर त्या दुकानात गेलो होतो, आणि तिथून फणकाऱ्यानं निघालो तो थेट कारखान्यात. आणि तुम्हाला सांगतो, साधा भुसा नाही घातला मी! मी काय कसाई आहे? एका गिऱ्हाइकाचं मोठं कपाट चाललं होतं, देवदाराचं. काय वास, अहाहा! रंधा फिरवला की लांब लांब कुरळी सालपटं निघतात, रेशमासारखी. ती निवडून निवडून पाटीत भरली. काटा नको, कुसळ नको, एकेक बोटानं चाचपली. चांगला चार बोटं थर दिला. ढब्बू त्यात असा लोळला! नात हरखली. मुलगी घरात आली आणि म्हणाली, "बाबा, काय सुंदर वास येतोय!" मी मिशीवर हात फिरवला. म्हटलं, येणारच. चाळीस वर्षं लाकडात काढली मी.

आठवडा झाला नसेल... फ्रीज उघडला आणि शिट्टी नाही.

म्हटलं, झोपला असेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा नाही. काकडी पुढं केली, तोंड फिरवलं. ढब्बूनं काकडीकडे तोंड फिरवायचं म्हणजे काय, तुम्हीच विचार करा! कोपऱ्यात अंग फुगवून बसलेला, नाक ओलं, शिंकतोय, आणि श्वास घेताना आतून बारीक चर्र, चर्र... नात पिंजऱ्याशी बसली ती जेवायला उठेना. "आजोबा, हा आजीसारखा आवाज करतोय." मी म्हटलं, गप गं, काहीतरीच काय. हवा बदललीय, हवा बदलली की होतं असं.

हवा बदललीय! हे माझं ठरलेलं बरं का.

त्याच सालपटांसकट ढब्बूला खोक्यात घातला, नेला जनावरांच्या डॉक्टरकडे. पोरसवदा डॉक्टर, पण हात कसा हळुवार. ढब्बूच्या छातीला ते ऐकायचं यंत्र लावलं, एवढंसं जनावर, यंत्राखाली अर्धं झाकलं. मग खोक्यात हात घातला, सालपटं मुठीत घेतली, वास घेतला. म्हणाला, "हे कोणी घातलं?" मी छाती पुढं काढून म्हटलं, मी! देवदार आहे, अस्सल! चाळीस वर्षं लाकडात...

"काका," तो म्हणाला, "हा वासच विष आहे ह्याला." अगदी शांतपणे हो, ओरडला असता तर बरं वाटलं असतं. "आपल्याला सुगंध वाटतो, पण त्यानंच आतून फुप्फुसं जळतात. त्यात लाकडाची बारीक धूळ. जनावर खालीच झोपतं, खालीच श्वास घेतं, जाणार कुठं?" मी म्हटलं, अहो, मी निवडून घातली होती... म्हणाला, "प्रेमानं घातलीत, दिसतंय मला. पण तीन दिवस अवघड आहेत." आणि औषध लिहिता लिहिता, मान खाली, सहज विचारतो, "घरात आणखी कोणाला खोकला?"

मी म्हणणार होतो, कोणाला नाही. तर नात! पोरांना कुठं थांबायचं कळतं का? "आजोबांना आहे. आजीला तर खूप होता. आजी रोज कारखाना झाडायची ना."

त्याचं पेन थांबलं. माझ्याकडे बघितलं त्यानं.

आता तुम्ही म्हणाल, म्हाताऱ्या, तुला कोणी सांगितलं नव्हतं? सांगितलं होतं हो! खोटं कशाला बोलू? आमच्या हिच्या डॉक्टरनं सांगितलं होतं, ह्यांना धुळीपासून लांब ठेवा. मग मी काय केलं? पडदा लावला! तोच तो, जाड, भारी कापडाचा. म्हटलं, झालं काम. आणि तो पडदा दर रविवारी काढून दारात झटकायचं कोणी? हीच! नाका-तोंडाला पदर लावून, फटाफट झटकायची, खोकायची, पुन्हा झटकायची. मी आतून ओरडायचो, अगं, हवा बदललीय, शाल घे. शाल घे म्हणायचो हो मी तिला!

परतताना पुन्हा त्या दुकानात. बाईंपुढं उभा राहिलो, शाळेत अंगठे धरायला लावतात तसा. म्हटलं, बाई, मला काही कल्पना नाही. तुम्ही सांगा. आणि भल्या बाई त्या, हसल्या नाहीत. एकेक पिशवी फोडून दाखवली. मी प्रत्येकीतली मूठभर घेऊन उजेडात फुंकली, धूळ उडते का बघितली. हुंगली. गालाला लावली. तासभर! मागं रांग लागली, एक जण पुटपुटला, "ह्यांना स्वतःला झोपायचंय की काय?" शेवटी कागदाचा कापूस घेतला आणि वर अंथरायला मऊ लोकरी कापड. एवढ्या वीतभर जिवाचं अंथरूण निवडायला तास घालवला मी. आणि जिच्याशी संसार केला तिला... जाऊ द्या.

तीन दिवस. पिचकारीनं औषध, पिचकारीनं पाणी. नात रोज विचारायची, "आजोबा, जगेल ना?" आणि मला हो म्हणवेना, कारण आजीच्या वेळी तिच्या आईलाही मी असंच हो म्हटलं होतं. मग हातांना काम पाहिजे ना काहीतरी? पडदा काढला. चौकट ठोकली, फळ्या बसवल्या, फटीत रबराची पट्टी भरली, आणि कारखाना आणि घराच्या मध्ये दार केलं. पक्कं दार. फुंकर जाणार नाही असं.

चौथ्या दिवशी मी बिजागरीचा शेवटचा स्क्रू पिळतोय, आत मुलीनं फ्रीज उघडला, आणि शिट्टी! बारीक, कापरी, पण शिट्टी. नात नाचायला लागली. मी? मी स्क्रूच पिळत बसलो. पिळून झाला होता तरी.

तुम्हाला सांगतो, चाळीस वर्षं लाकडात काढली मी, गावभर लोकांना दारं करून दिली. स्वतःच्या घरातल्या दाराला किती दिवस लागले विचारा. दोन. दोन दिवसांचं काम हो!

आता दुपारी जरा उंबऱ्यात उभा राहून त्या ढब्बूकडे बघत बसावं म्हटलं, तर आतून पोरीचा आवाज येतो, अगदी आमच्या हिच्याच सुरात, "आजोबा, दार लावा, धूळ येतेय!" लावतो, बाई. लावतो.