वेगळ पाव

मी मूळची किनाऱ्यावरची ताई, कोळीवाड्यातली, बापाचा मचवा होता आनि आमच्या अंगनात कायतरी वाळत असायचंच, बोंबील नायतर करंदी, आनि पावसात तेही नसलं की मोडकी जाळी. आम्ही ख्रिस्ती कोळी, सकाळी देवळात मिस्सा आनि मंग बंदरावर. तुम्ही दादरकडच्या ना, तुम्हाला देऊळ म्हटलं की गाभारा दिसत असेल, पन आम्ही चर्चलाच देऊळ म्हनतो, पहिल्यापासून. आनि आमच्या घरच्या बोलीत ळ नाय. मासळी नाय, मासली. सकाळी नाय, सकाली. शाळेत सिस्टर होत्या त्यांनी माझा कान पिळून पिळून ळ शिकवला, म्हनायच्या आग्नेस, जीभ वर वळव, ती खाली झोपलेली असते तुझी. तो ळ मी आजपन गिऱ्हाइकाशी बोलताना लावते आनि घरात काढून ठेवते. बाणातला ण मात्र त्यांनाबी जमला नाय माझ्याकडून घ्यायला, तो राहिला तो राहिलाच. हे ळचं का सांगते, तर माझा सगळा संसार त्या एका ळनं इकडचा तिकडे केला, काय सांगू तुम्हाला, बसा, तो बेगल थोडा निवू द्या, जीभ भाजेल.

लग्न झालं तेव्हा आमचा पास्कू वसईत एका बेकरीत भट्टीवर होता. त्याचा बाप बुडून गेलेला, म्हनून माझ्या सासूनं, तिला आम्ही आय म्हनायचो, तिनं शपथ घातलेली की हा पोरगा दर्यावर जायचा नाय, पाव भाजेल पन दर्यावर नाय. आनि बघा नशीब कसं, पाव भाजायलाच दर्यावर गेला. बोटीवर. मोठी बोट, गोऱ्या लोकांची, फिरायला निघतात ते. कोनीतरी गाववाल्यानं चिकटवला. आय आठ दिवस त्याच्याशी बोलली नाय. मंग निघायच्या दिवशी त्याच्या गळ्यात क्रूस घातला आनि मला म्हनाली, आता तू वाट बघायची, माझी बघून झाली.

मंग मी बघत बसले. दहा महिने बोट, दोन महिने घर, असं त्याचं. आनि घर म्हंजे काय, आय, धाकटा दीर, जाऊ, त्यांची पोरं, माझी लेक लिली, सगळे एका चुलीवर. तो घरी आला की पाहुने नुसते, कोनी साबन मागायला, कोनी बोटीवर लावून दे म्हनायला. आयनं त्याचं ताट स्वतः वाढायचं, बरोबर आहे, लेक तिचा. मी मासे साफ करायची, भाकऱ्या थापायची, पन त्याच्यासमोर बसून, तो जेवतोय आनि मी वाढतेय, असं कधी झालं नाय. तुम्ही हसाल. पन मला आयुष्यात एवढंच पायजे होतं, माझी एक चूल, तिच्यासमोर तो बसलेला आनि मधे कोनी नाय. बंगला नको, सोनं नको. कपडे धुताना मी मनातल्या मनात ती चूल मांडायची, इथं पान्याचा हंडा, इथं मिठाची बरनी, इथं तो.

तर तेव्हा फोन काय घरोघरी नव्हते. आमचा पीपी नंबर, म्हंजे कोपऱ्यावरच्या वान्याकडचा, त्याची बायको हाक मारायची की आग्नेस पल, तुझ्या बोटीचा फोन, आनि मी ओल्या हातानं पळायची. पास्कूची बोट कुठल्यातरी बंदराला लागली की तो फोन करायचा, दोन मिनिटं, आनि त्यात निम्मा वारा. एकदा असाच आला. म्हनाला, आग्नेस, ऐक, मी ठरवलंय, घरी येऊन मी आता बेगल करनार. खरखर खरखर. आता मला कसं ठाऊक बेगल कशाला म्हनतात, मी जन्मात ऐकला नव्हता तो शब्द. मी ऐकलं, वेगल करनार. आमच्या बोलीत वेगळंला वेगलंच म्हनतात ना ताई, चूल वेगली, घर वेगलं. मी ओरडून विचारलं, कारन फोनवर ओरडल्याशिवाय जात नसे, वेगल? नक्की वेगल करनार? तो तिकडून म्हनतो, नक्की, त्याच्यासाठीच साठवतोय, पन आयला एवढ्यात सांगू नको, तिला खपायचं नाय, मी येऊन सांगतो.

आता बघा, प्रत्येक शब्द बरोबर बसला. आयला खपायचं नाय, बरोबर. साठवतोय, बरोबर. मी त्या वान्याच्या ओट्यावर उभी राहून रडले, आनंदानं. त्याला माझ्या मनातलं न सांगता कळलं असं वाटलं मला, एवढ्या लांब, पान्यावर. आयला सांगू नको म्हनाला, मी कुठं सांगते, पन वान्याच्या दुकानात मी ओरडले ते तेल घ्यायला आलेल्या सगळ्या बायांनी ऐकलं. मी घरी पोचायच्या आधी बातमी पोचली की पास्कू वेगला होतोय.

आय भांडली नाय, भांडली असती तर बरं झालं असतं. दोन दिवस गप्प. तिसऱ्या दिवशी तिनं मागच्या पडवीत तीन दगड आनून मांडले, शेनानं सारवले, वर तिच्या लग्नातला टोप ठेवला, तवा ठेवला, आनि मला हाक मारली. म्हनाली,

“त्यानं येऊन मांडायच्या आधी मीच मांडते. लेकाच्या तोंडून ऐकायला नको मला.”

मी त्या चुलीत जाळ केला. डोळ्यात पानी होतं आनि आतून उकळ्यापन फुटत होत्या, खोटं कशाला बोलू, माझी चूल होती ती. लिलीला पेज करून वाढली. पलीकडे आय धुराकडे पाठ करून बसलेली. असे महिने काढले आम्ही, एका छपराखाली दोन धूर, फोनवर परत तो विषय काढला नाय, वान्याकडे बाया कान लावून असायच्या, आनि मी मनात म्हनायची, तो येऊ दे, तो आला की सगळं गोड होईल.

तो आला. बॅग खाली ठेवली, हातपाय धुतले, पाटावर बसला, तर पुढून आय ताट घेऊन आली आनि मागून मी. दोन ताटं बघून हसायला लागला. म्हनाला काय, मी दोन मानसांचं जेवायचं का? कोनी हसलं नाय. मंग आयनंच सांगितलं, तू वेगला होतोयस ना, फोनवर बोललास ना. त्याचं तोंड असं उघडं. मी? मी कधी म्हटलं? मंग एकदम त्याच्या ध्यानात आलं. उठला, बॅग उघडली, कपड्यांच्या मधून प्लॅस्टिकची पिशवी काढली, तिच्यात चारपाच पाव होते, वाळून दगड झालेले, गोल आनि मधे भोक. आमच्या समोर धरून म्हनाला, हे. हे बेगल. बोटीवर सकाळी गोरे लोक हेच खातात, मी हेच शिकलो, ह्याचं दुकान टाकायचं होतं मला, साठवलेले पैसे असल्या पावात घालतो म्हटलं तर आय तुला खपलं नसतं, म्हनून येऊन सांगनार होतो.

आयनं तो पाव हातात घेतला, फिरवला, भोकातून त्याच्याकडे बघितलं. म्हनाली, ह्याच्यासाठी चूल वेगली केली मी? आनि मी कुठं बघू ताई. त्याला माझ्या मनातलं कळलं नव्हतंच. तो लांब पान्यावर माझा नाय, पावाचा विचार करत होता. ती रात्र मी कशी काढली ते माझं मला ठाऊक.

सकाळी पास्कू म्हनाला, जाऊ दे आय, चुकलं ऐकन्यात, ते दगड काढून टाकतो. तेव्हा आय म्हनाली, नाय. आमच्या घरात मांडलेली आनि पेटलेली चूल मोडत नाय, सासऱ्यांच्या वेळेपासून नाय. तिच्या आवाजात राग नव्हता, पन शब्द तोच. मंग आम्ही निघालो. ह्या उमेळ्याच्या बाजूला चिकूच्या वाड्या जाऊन बिल्डिंगा उठत होत्या, तुम्ही आलात ना नंतर, तर त्यातला हा गाळा घेतला, पुढे दुकान, मागे खोली. बेगल पन झाला आनि वेगलं पन झालं. एका शब्दात दोन्ही.

दुकान उघडायच्या दिवशी फादर आले, पवित्र पानी शिंपडलं, आय नाय आली. बोर्ड रंगवायला एक घाटावरचा पेंटर होता. पास्कूनं त्याला सांगितलं, लिही, बेगल पाव. तो मानूस शहाना, म्हनाला तुम्ही किनाऱ्यावरचे लोक ळला ल म्हनता आनि तुम्हाला वाटतं लिहायचं पन तसंच. वचा तर तुमच्या तोंडात ब होतोच. आनि जेवायला गेलो आम्ही तेवढ्यात त्यानं मोठ्या लाल अक्षरात लिहून ठेवलं, वेगळ पाव. पास्कू रस्त्यात उभा राहून हसत सुटला, पोट धरून, मलाही हसू आलं, घरातून निघाल्यापासून आम्ही दोघं पहिल्यांदा एकत्र हसलो ते त्या बोर्डासमोर. तो तसाच ठेवला. तुम्हीपन पहिल्यांदा आलात तेव्हा वेगळ पाव द्या असंच म्हनालात, आठवतं?

पहिले दिवस मजेचे होते. मानसं यायची, बघायची, मेदूवडा आहे का विचारायची, चटनी मागायची. एक आजोबा म्हनाले, भोकाचे पैसे कमी करा. पाव आधी गरम पान्यात उकडायचा आनि मंग भाजायचा, हे तर कोनाला पटेना, पाव काय इडली आहे का म्हनायचे. बोटीवर त्या पान्यात कसला पाक घालत, तो इथं कुठला, आम्ही गूळ घातला. पास्कू कनीक घट्ट मळायचा, वेटोळं करून दोन्ही टोकं तळव्याखाली घासायचा, मी पान्यातून काढून तीळ लावायची. आनि दुपारी शटर ओढून मागच्या खोलीत मी भाकरी टाकायची आनि तो समोर बसायचा. मधे कोनी नाय. ताई, मी जे मनात मांडलं होतं ना, हंडा इथं, बरनी इथं, तो इथं, ते सगळं तसंच होतं. तो म्हनायचा, काय बघतेस गो आग्नेस? मी म्हनायची काय नाय, जेव.

पन दुकान चालेना. बेगल दोन दिवसांनी दगड होतो आनि इथं खानारे मोजके. शिळे पाव पिशवीत बघून तो गप्प गप्प व्हायला लागला. मंग म्हनाला, बोटीवर एक कॉन्ट्रॅक्ट मारून येतो, एकच, मोठा ओव्हन घेऊ. गेला. मंग मी डोकं चालवलं, सोबत साधे पाव ठेवले, बेगलच्या मधे सुक्या करंदीची चटनी भरून द्यायला लागले, जैन लोकांना नुसता द्यायचा, सांगायचं अंडं नाय ह्याच्यात. दुकान उभं राहिलं. मी कळवलं, आता चालतंय, ये. तो म्हनाला, चालतंय ना, मंग लिलीच्या शिक्षनाचं बघून टाकू, अजून एक. मंग लिली नर्स झाली, कुवेतला गेली. तरी अजून एक.

मधे एकदा आय आली. रिक्षातून एकटी, काठी टेकत. बाकावर बसली, इथंच, तुम्ही बसलात तिथं. मी चहा दिला आनि गरम बेगल दिला. दात नव्हते तिला, चहात बुडवून बुडवून चघळत बसली कितीतरी वेळ. म्हनाली, हेच का ते वेगल? बरं लागतंय. मंग माझ्या मागच्या खोलीत गेली, चूल बघितली, गॅसच तो, पन बघितली. एकच ताट धुऊन पालथं घातलेलं. म्हनाली, माझ्याकडे तो असताना तुला मिळाला नाय, आनि इथं तूच आहेस, तो नाय, मंग वाटनी कोनाला मिळाली गो? तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला. पुढल्या पावसाळ्यात ती गेली, तो तेव्हा कुठल्या दर्यात होता देवाला ठाऊक, मातीला आला नाय. तिचा टोप माझ्याकडे आहे, त्याच्यातच मी बेगल उकडते.

आता मोबाइल आहेत. आवाज असा येतो, शेजारी बसल्यासारखा, एक अक्षर इकडचं तिकडे होत नाय. परवा फोन आला, म्हनाला आग्नेस, हे शेवटचं, गुडघे दुखतात, नाताळाला येतो तो कायमचा. हे त्यानं मागच्या नाताळाच्या आधीपन सांगितलं होतं. म्हनाला, आल्यावर काय करायचं बोल, दुकान वाढवायचं? केक ठेवायचे? मी म्हटलं, काय नको करू. तू बस, मी वाढते. तो म्हनाला, ऐकू नाय आलं गो, परत बोल. त्याला ऐकू आलं होतं. फोन स्वच्छ होता.

तर असं आहे. मी तीळ लावते, शटर उघडते, ओढते, दोघांची भाजी करायची सवय हाताला आहे ती रात्रीपर्यंत पुरते. तक्रार नाय माझी. जा तुम्ही ताई, साहेब आले असतील घरी, हे दोन घेऊन जा, राहू द्या पैसे. गरम आहेत तोवर एका ताटात घेऊन बसा दोघं. देव तुम्हाला कधी वेगलं न करो.