नवरीची चटई

"नासेवू बेटाचा माणूस भेटला की आधी टोमणा मारायचा, मग त्याच्याजवळचं काहीतरी उचलायचं. त्यांचा नि आपला पूर्वज एकच," असं माझ्या सासूबाई सांगायच्या. परवा सुवा बंदराच्या धक्क्यावर बोटीची वाट पाहताना त्या आठवल्या. शेजारच्या बाकावर आमच्या वाकालोआ बेटाची एक म्हातारी आणि एक अनोळखी गृहस्थ बसले होते.

"कुठला रे तू?"

"नासेवूचा."

"तरीच मघापासून खेकड्यांचा वास येतोय!"

"आणि तुम्ही वाकालोआच्या. म्हणूनच न विचारता माझा उकडलेला टारोचा कंद संपवलात!"

"हक्काने खाल्ला. आता ही चटईसुद्धा माझी."

"मावशी, ती नको हो! उद्या लेकीचं लग्न आहे. बायकोने सहा महिने केतकीची पानं विणलीत."

"आपल्यात नाही म्हणता येतं का?"

"नाही येत."

"मग सोड."

"घ्या. पण लेक उभी कशावर राहील?"

"ह्याच चटईवर. वाकालोआचा आहेर नको का तिला? उद्या मी स्वतः अंथरीन, शब्द देते."

"अहो, पण तुमची बोट पलीकडे लागलीय!"

म्हातारीने चटई खांद्यावर घेतली आणि नासेवूच्या बोटीच्या रांगेत जाऊन उभी राहिली.